पुराचं पाणी उपसताना: पंपावर पहिल्यांदाच उभं राहणाऱ्यांसाठी

ट्रकमधून पंप खाली उतरला की भोवती माणसं जमतात. दोन-तीन दिवस पाण्यात काढलेली असतात त्यांनी. "लावा की आता लवकर," एवढंच त्यांचं म्हणणं असतं आणि त्यात काहीच चूक नाही. मदतीला नव्याने आलेल्या कार्यकर्त्यालाही तसंच वाटतं: पाइप टाकू, इंजिन चालू करू, पाणी हटेल. पण पंप पाणी नाहीसं करत नाही. इथलं उचलून तिथं टाकतो, एवढंच त्याचं काम. म्हणून पहिला अर्धा तास पंपाला हात न लावता दोन प्रश्नांसाठी द्या. हे पाणी अजून कुठून येतंय? आणि आपण उपसलेलं कुठं जाणार? पुढचं सगळं या दोन उत्तरांवर ठरतं.

पायरी १: आधी फिरून या

लांब काठी घ्या, तिथला एखादा जाणता माणूस सोबत घ्या आणि पाण्याच्या कडेकडेने फिरा. पाण्यात उतरावंच लागलं तर पाऊल टाकण्याआधी काठीने तळ चाचपा. गढूळ पाण्याखाली उघडं गटार आहे की पायरी, ते वरून कळत नाही. विजेच्या तारा, खांब आणि डीपी जवळ असतील तर वीजपुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.

फिरताना पाणी आत येण्याची वाट शोधायची. बांध फुटलाय का? नाल्याचं पाणी उलटं फिरून गटारातून वर येतंय का? शेजारच्या उंच भागातलं पाणी इकडेच उतरतंय का? २००५ साली कॅटरिना वादळानंतर अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा कालव्यांच्या भिंतींना पडलेली भगदाडं बुजवल्याशिवाय उपशाला अर्थ नव्हता. तिथलं पाणी पूर्ण निघायला ४३ दिवस लागले. तुमच्यासमोरची जागा एका वस्तीएवढीच असेल, पण नियम तोच. वाट बुजवता येत असेल तर वाळूच्या पोत्यांनी आधी ती बुजवा.

पाणी अजून भरतंय का, हे डोळ्यांनी ठरवू नका. इंच-सेंटीमीटरच्या खुणा केलेली काठी पाण्यात घट्ट रोवा आणि तासाभराने पाहा. पातळी एक सेंटीमीटर चढली आणि पाणी एक हेक्टरभर पसरलेलं असेल, तर त्या तासात १०० घनमीटर पाणी आत आलं. तासाला १५० घनमीटर उपसणारा पंप तिथं लावला तर हाती लागणारा निव्वळ उपसा फक्त ५०. ही काठी शेवटपर्यंत तिथंच राहू द्या, काम संपेपर्यंत ती लागते.

पायरी २: पाणी सोडायची जागा ठरवा, आणि विचारून ठरवा

उपसलेलं पाणी उताराच्या बाजूला आणि परत येणार नाही अशा ठिकाणीच सोडायचं. जवळचं गटार सोयीचं वाटतं. पण ते पुढे तुंबलेलं असेल तर तेच पाणी दोन गल्ल्या फिरून तुमच्या पंपाशी परत येतं. गटारात थोडा भुसा किंवा पानं टाका आणि ती कुठल्या दिशेने वाहतात ते बघा. पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

त्याहून मोठा प्रश्न माणसांचा. २०१८ साली थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. गुहेतून उपसलेलं अफाट पाणी खालच्या भातशेतांत गेलं आणि लावलेली रोपं बुडाली. शेतकऱ्यांनी ते पत्करलं, काहींनी भरपाईही नाकारली. मुलांसाठी चाललेलं काम त्यांना दिसत होतं. आपल्याकडून मात्र अनेकदा असं होतं की कुणाच्या शेतात, कुणाच्या दारात पाणी चाललंय हे त्या माणसाला रात्री पाणी घरात शिरल्यावरच कळतं. मग भांडण होतं, पाइप कापले जातात आणि पंप बंद पडतो. खालच्या वस्तीतल्या माणसांना आधी बोलवा, पाइपाचं तोंड कुठं असेल ते दाखवा आणि ते नको म्हणाले तर दुसरी जागा शोधा. त्यात गेलेला एक तास वाया जात नाही.

पाइपाच्या तोंडाशी जमीन धुपते. सहा इंची पाइपातून पडणारा झोत तासाभरात चांगला खड्डा करतो. तोंडाखाली दगड, वाळूची पोती किंवा जाड ताडपत्री अंथरा. बांधाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या भरावावर किंवा घराच्या पायाजवळ पाणी कधीच सोडू नका. पिण्याच्या विहिरीच्या आणि हातपंपाच्या दिशेनेही नको. पुराच्या पाण्यात मैला, जनावरांचं मूत्र, रॉकेल, कीटकनाशकं, सगळं मिसळलेलं असतं.

पायरी ३: कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करा

पाणी किती, तर क्षेत्रफळ गुणिले सरासरी खोली. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तिथं सरासरी ६० सेंटीमीटर पाणी असेल तर ६,००० घनमीटर झालं. तासाला १५० घनमीटरचा पंप ते ४० तासांत काढेल. डिझेल भरणं, पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची जाळी साफ करणं, पाइप सरकवणं यात दिवसाचे चार तास जातात असं धरा, म्हणजे पूर्ण दोन दिवस. वरून पाऊस आला तर दर मिलिमीटरमागे प्रत्येक हेक्टरवर १० घनमीटरची भर. लोकांना "आज संध्याकाळपर्यंत मोकळं करतो" असं सांगण्याआधी हा हिशोब करा. खोटी आशा दिली की दुसऱ्या दिवशी तुमच्या शब्दावर कुणी विसंबत नाही, आणि पुरात त्या विश्वासाची फार गरज असते.

आता हेड, म्हणजे पंपाला पाणी किती मीटर उंच ढकलावं लागतं त्याचं माप. पंपाच्या पाटीवर लिहिलेला जास्तीत जास्त उपसा आणि जास्तीत जास्त हेड हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. पाणी जितकं वर चढवायचं आणि जितकं लांब ढकलायचं, तितका उपसा कमी होतो. पंपासोबतच्या आलेखात तुमच्या हेडला किती पाणी मिळतं, तेच बघायचं. हेडमध्ये दोन भाग धरा: उपशाच्या पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या सर्वांत उंच जागेपर्यंतची चढण आणि पाइपातलं घर्षण. पाइप पूर्ण भरून वाहत खाली उतरत असेल तर उताराची थोडी मदत परत मिळते, पण नवख्याने ती धरू नये. पाणी कमी पडण्यापेक्षा हिशोबात थोडी सूट राहिलेली बरी.

घर्षणाचं गणित नवख्यांना सर्वांत जास्त फसवतं. तासाला १५० घनमीटर पाणी २०० मीटर लांबीच्या १५० मिलिमीटर पाइपातून नेलं तर घर्षणात साधारण ७ मीटर हेड जातं. तेच पाणी १०० मिलिमीटरच्या पाइपातून न्यायचं ठरवलं तर जवळपास ५० मीटर. पंप तोच, अंतर तेच, पाइप फक्त एका नंबरने लहान. प्रत्यक्षात पंपाकडे एवढं हेड नसतंच, त्यामुळे पाणीच निम्म्याहून कमी येतं आणि सगळे पंपाला दोष देतात. मोठा पाइप नसेल तर लहान पाइपाच्या दोन ओळी शेजारी-शेजारी टाका. प्रत्येकीतून निम्मं पाणी गेलं की घर्षण चौथाईवर येतं.

इंधनाचाही अंदाज याच कागदावर करून टाका. तासाला १५० घनमीटर पाणी एकूण १२ मीटर हेडवर ढकलायला साधारण ८ किलोवॉट लागतात. म्हणजे तासाला अडीच लिटरच्या आसपास, दिवसाला पन्नास लिटर डिझेल. ते रस्ता तुटलेल्या ठिकाणी कोण आणि कसं पोचवणार, हे पंप चालू करण्याआधीच ठरलेलं असावं.

पायरी ४: पंप निवडा

इथं फार खोलात जायची गरज नाही. बहुतेक वेळा जो पंप मिळाला तोच वापरायचा असतो. तरी ओळख हवी.

कचरा आणि गाळ असलेल्या पाण्यासाठी मडपंप किंवा ट्रॅश पंप. याच्या इम्पेलरमधून, म्हणजे आतल्या फिरत्या चाकातून, लहान खडे आणि काडीकचरा निघून जातो. किती मोठा तुकडा जाईल ते पाटीवर लिहिलेलं असतं. स्वच्छ पाण्याचा शेतीपंप पुरात लावला तर गाळ आणि वाळू त्याचा इम्पेलर थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात. पाणबुडी म्हणजे सबमर्सिबल पंप तळघरात आणि खोल खड्ड्यात उपयोगी. त्याला सक्शनची, म्हणजे पाणी पाइपाने वर पंपापर्यंत आणण्याची, भानगड नसते, पण वीज लागते. पाणी खूप, चढण मात्र दोन-चार मीटरच असेल तर पंख्यासारख्या पात्याचा अ‍ॅक्सियल फ्लो पंप सर्वांत फायद्याचा. मोठी पथकं ट्रकवर बसवलेले पंप आणतात. २०११ च्या पुरात जपानने थायलंडला अशा दहा पंपगाड्या पाठवल्या होत्या, एकेक गाडी मिनिटाला सुमारे ३० घनमीटर पाणी काढणारी. युरोपीय संघाच्या आपत्ती-मदत व्यवस्थेत मोठ्या उपशाच्या पथकाला तासाला किमान १,००० घनमीटरची अट आहे. अशी गाडी आली तरी पहिल्या दोन पायऱ्या सुटत नाहीत. उलट पाणी एवढं जास्त असतं की चुकीच्या जागी सोडलं तर नवा पूर येतो.

पायरी ५: सक्शन नीट बसवा

पुरातले बहुतेक पंप पाणी उचलत नाहीत ते सक्शनमुळे. पंप पाणी ओढत नाही, आत पोकळी तयार करतो. बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला त्या पोकळीत ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी वर चढवू शकतो, आणि तेही कागदावर. घर्षण आणि गळती धरता सहा मीटरच्या पुढे भरवसा नाही. उंच प्रदेशात दर हजार मीटरला साधारण एक मीटर आणखी कमी होतं. इंजिन कितीही मोठं आणलं तरी ही मर्यादा हलत नाही. म्हणून पंप पाण्याच्या जितका जवळ आणि जितका खाली ठेवता येईल तितका ठेवा. पातळी पुन्हा चढली तर तो बुडणार नाही एवढी मात्र काळजी घ्या. लांब पाइप टाकायचाच असेल तर तो डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या, बाजूला टाका.

सक्शनचा पाइप कडक, आतून तार किंवा कडं असलेलाच हवा. गुंडाळता येणारा लपेटा पाइप या बाजूला लावला तर तो चपटा होऊन बसतो. पाइपाचा व्यास पंपाच्या तोंडापेक्षा कमी नको. पाइप पाण्यापासून पंपापर्यंत सतत चढता असावा, मध्ये उंटाच्या पाठीसारखा उंचवटा राहिला तर तिथं हवा साचते आणि पंप हवा धरतो. प्रत्येक जोडाची रबरी चकती धुऊन बसवा. वाळूचा एक कण चकतीखाली राहिला तरी तेवढ्यावाटे हवा आत येते. पाणी बाहेर गळत नाही, त्यामुळे ही गळती दिसतही नाही.

जाळी तळाच्या गाळात टेकू देऊ नका. रिकाम्या बंद कॅनला किंवा हवा भरलेल्या ट्यूबला बांधून ती तरंगती ठेवा. तिच्यावर किमान दोन-तीन फूट पाणी असावं. पाणी उथळ झालं की वर भोवरा दिसू लागतो, आणि त्या भोवऱ्यातून हवा थेट पाइपात जाते. अशा वेळी त्या जागी एक फळी तरंगत सोडली तरी भोवरा मोडतो. पाणी फारच उतरलं तर खड्डा खणा, त्यात भोकं पाडलेलं पिंप बसवा आणि जाळी पिंपात ठेवा. जाळीपाशी मुलांना फिरकू देऊ नका. चालू पंपाच्या जाळीला हात किंवा पाय चिकटला तर तो सुटत नाही.

पायरी ६: वीज, धूर, इंधन

या पायरीवर घाई करू नका, इथली चूक सुधारता येत नाही.

पेट्रोल किंवा डिझेलचं इंजिन तळघरात, बंद खोलीत किंवा विहिरीत उतरवून चालवू नका. दार उघडं आहे, खिडकी उघडी आहे, "दोनच मिनिटं" आहेत, तरीही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस बसतो तो उठत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथंच पडतो. इंजिन दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब आणि वारा घराकडून इंजिनाकडे वाहत असेल अशा बाजूला ठेवा.

विजेच्या पंपाला ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच आणि नीट अर्थिंग हवंच. वायरचे जोड पाण्यात किंवा ओल्या जमिनीवर नकोत, काठ्या रोवून उंच टांगा. पाणबुडी पंप वायरने उचलू नका, त्याला दोर बांधा. तीन फेजच्या मोटरला दोन वायरी उलट लागल्या तर ती उलटी फिरते आणि तरीही थोडं पाणी देते. म्हणून उपसा विनाकारण कमी वाटला तर आधी फिरण्याची दिशा तपासा. आणि जनरेटर मोटरपेक्षा बराच मोठा घ्या. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या सहापट करंट घेते.

डिझेल भरताना इंजिन बंद करा आणि गार होऊ द्या. पंपावर काम करणाऱ्यांना उंच गमबूट आणि हातमोजे द्या. पायावर जखम असलेल्याला पाण्यात उतरवू नका, लेप्टोस्पायरोसिसचा जंतू अशाच जखमेतून शिरतो.

पायरी ७: सुरू करा

पंपाच्या पोटात पाणी भरा. "सेल्फ प्रायमिंग" लिहिलेल्या पंपालाही पहिल्यांदा पाणी भरावंच लागतं. कोरडा चालवला तर आतलं सील काही मिनिटांत जळतं, आणि ते सुटं सील पूरग्रस्त गावात मिळत नाही.

साध्या सेंट्रिफ्युगल (फिरत्या चाकाने पाणी बाहेर फेकणाऱ्या) पंपाचा डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून इंजिन चालू करा आणि मग हळूहळू उघडा. अ‍ॅक्सियल फ्लो पंपाचं नेमकं उलटं, तो व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच सुरू करायचा, नाहीतर इंजिनावर भार येतो. लपेटा पाइप एकदम भरला तर सापासारखा उसळतो. त्याचं तोंड आधी खुंटीला बांधा, वळणं मोठी ठेवा, पिळे काढा. तोंड पाण्यात बुडवून ठेवू नका. पंप बंद होताच तिकडचं पाणी त्याच पाइपाने उलटं परत येतं. व्यवस्था असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा.

पायरी ८: रात्रभर लक्ष ठेवा

पंप चालू झाला की गर्दी पांगते आणि नवखा कार्यकर्ताही झोपायला जातो. खरं काम तिथून सुरू होतं. दोघांची पाळी लावा, एकटा कुणी नको.

पंपाचा आवाज कानात बसू द्या. एका रात्री अडीचच्या सुमारास आमच्या पंपाचा आवाज थोडा हलका झाला. इंजिन सुरळीत होतं, फक्त त्याला ओझं कमी झाल्यासारखं वाटत होतं. तोंडाशी जाऊन पाहिलं तर भरलेली धार जाऊन थुंकल्यासारखं पाणी येत होतं. पंप बंद करून जाळी वर ओढली. तिला एक अख्खी चादर गुंडाळली गेली होती. तिच्या घड्यांत पानं, गाळ आणि लहान मुलाची एक चप्पल अडकलेली होती. चादर सोडवायला दहा मिनिटं लागली. कुणी जागं नसतं तर सकाळपर्यंत पंप कोरडा फिरून जळला असता. दुसऱ्या दिवशी आम्ही जाळीभोवती तारेच्या जाळीचा मोठा पिंजरा उभा केला, म्हणजे कचरा दूरच अडतो.

सक्शनला व्हॅक्यूम गेज (आतली पोकळी काट्याने दाखवणारं) असेल तर ते खूप काही सांगतं. काटा नेहमीपेक्षा वर गेला तर जाळी तुंबली आहे. पाणी येत नाही आणि काटाही पडलेला आहे, तर कुठून तरी हवा आत शिरते आहे. पंपातून खडे खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर त्याला सक्शनला पुरेसं पाणी मिळत नाही. जाळी साफ करा, पंप खाली आणा किंवा वेग कमी करा.

दर तासाला वहीत चार गोष्टी लिहा: काठीवरची पातळी, गेज, डिझेल, काय बिघडलं. आणि जोडीला दुसरा पंप ठेवा, लहान का असेना. थाम लुआंगमध्ये शेवटचा मुलगा बाहेर आला, आणि बचाव पथकातली माणसं आत असतानाच मुख्य पंप बंद पडला. पाणी चढू लागलं आणि त्यांना धावत बाहेर पडावं लागलं.

पायरी ९: तळघर हळू उपसा

इथं वेग दाखवायचा मोह आवरा. बाहेरची माती पाण्याने फुगलेली असते आणि ती तळघराच्या भिंतींना बाहेरून आत रेटते. आतलं पाणी त्या रेट्याला आतून टेकू देत असतं. ते एका दिवसात काढलं तर भिंत आत कोसळते किंवा फरशी खालून उचलली जाते. बाहेरचं पाणी उतरल्यावरच सुरुवात करा. पहिल्या दिवशी फक्त एक फूट काढा, भिंतीवर खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलेलं असेल तर अजून वेळ आहे. आलं नाही तर दिवसाला दोन-तीन फूट काढा, रोज रात्री तीच खूण आणि तीच तपासणी. घरमालक घाई करेल. त्याला भिंत दाखवून समजावा, तो ऐकतो.

पायरी १०: विहिरी, आणि पंपाची आवराआवर

पुराच्या पाण्याला लावलेला पंप आणि पाइप पिण्याच्या पाण्याला लावू नका. कितीही धुतला तरी नाही. विहिरी उपसायला वेगळा संच ठेवा. विहीर उपसायची, कठडा आणि आतल्या भिंती घासायच्या, क्लोरिन घालायचं, थांबायचं, पुन्हा उपसायचं आणि पाणी तपासल्यावरच लोकांना द्यायचं. समुद्राचं पाणी शिरलेल्या विहिरीत मात्र हा क्रम चालत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या किनाऱ्यावर विहिरी पुन्हा पुन्हा उपसल्या गेल्या. त्याने खालचं खारं पाणी आणखी वर ओढलं गेलं आणि काही विहिरी ढासळल्या. तिथं एकदा घाण काढायची आणि पावसाने मीठ खाली जाईपर्यंत वाट पाहायची. तोवर टँकरचं पाणी द्यावं लागतं. माणशी दिवसाला किमान १५ लिटर, हे मदतकार्यातलं मान्य प्रमाण आहे.

पंप हलवण्याआधी त्याच्यातून दहा मिनिटं स्वच्छ पाणी फिरवा, मग पोटातलं पाणी खालच्या नटातून सोडा आणि इम्पेलर हाताने फिरवून बघा. गाळ आत सुकला की तो सिमेंटसारखा घट्ट बसतो. पाइप उलगडून वाळवा. भोकं पडली असतील तिथं रंगाने खूण करा. कोणता जोड, कोणती चकती, कोणता पट्टा संपला, ते वहीत त्याच संध्याकाळी लिहा. आणि पातळीची ती काठी तिथल्याच माणसाच्या हाती द्या, कशी वाचायची ते दाखवून. पाणी पुन्हा चढायला लागलं तर पहिला फोन त्यानेच करायचा आहे.